दमयंतीचे घड्याळ

मार्गशीर्षातली सकाळ वेंगुर्ल्याला समुद्रावरून येत नाही. ती माडांच्या मागून येते. आधी शेंड्यांना सोने लागते, मग झावळ्यांना, मग लाल कौलांना, आणि सर्वांत शेवटी पाण्याला. तोवर समुद्र राखी असतो, अर्धवट जागा, कुशीवर वळलेला. मग एकाएकी त्याच्या पाठीवर एक पिवळी रेघ उमटते, रुंद होते, हलू लागते, आणि बंदरावरच्या होड्या त्या रेघेत काळ्या बियांसारख्या तरंगू लागतात.

त्या सोन्याची एक चिमूट तेंडोलकरांच्या घरात बारा महिने असे.

देवघराशेजारच्या कोनाड्यात, सावंतवाडीच्या लाखकामाच्या डब्यात, मऊ रेशमी फडक्यात ती निजलेली असे. एक घड्याळ. सोन्याचे, साखळीचे, खिशात मावेल एवढे, मुठीत घेतले तर पाखरासारखे धडधडणारे. त्याला चावी होती, भाताच्या दाण्याएवढी, लाल गोंड्यात ओवलेली. आणि त्याच्या पाठीवर, सोन्याच्या त्या चकचकीत पाठीवर, मीन्यात रंगवलेले चित्र होते.

चित्रात तळे होते, संध्याकाळच्या निळाईचे. तळ्याकाठी एक स्त्री बसली होती, गौरांगी, नीलवसना, मोकळ्या केसांची, खाली झुकल्या नजरेची. आणि तिच्या अंगाशी अंग लावून, पंख पसरून, लांब मान तिच्या कानापाशी नेऊन, एक हंस तिला काहीतरी सांगत होता.

हंस पांढरा होता. सोने घड्याळाचे होते.

त्या घरातल्या कुणालाही विचारा, ती स्त्री दमयंती होती. विदर्भराजाची लेक दमयंती. आणि तिच्या कानी लागलेला तो नळराजाचा निरोप्या हंस. लहान मुले विचारत, दमयंतीचा हंस तर सोन्याचा होता, हा पांढरा कसा? मग घरातली कुणीतरी बाई सांगे, अरे, त्याने आपले सोने घड्याळाला देऊन टाकले आणि आपण पांढरा राहिला. देणाऱ्याचा रंग पांढराच असतो. मुलांचे समाधान होई. मोठ्यांचेही झालेले होते.

*

हे घड्याळ घरात आणले ते घरच्या लेकीच्या, वेणूच्या, खापरपणजोबांनी. त्यांची फत्तेमारी मस्कतपर्यंत जाई. एका वादळात त्यांनी फुटल्या गलबतावरचा एक गोरा कप्तान पाण्यातून ओढून काढला. त्याला पेज पाजली, घोंगडी दिली, किनाऱ्याला लावले. जाताना त्याने गळ्यातून साखळीसकट हे घड्याळ काढून यांच्या हातात ठेवले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. कप्तान चित्राकडे बोट दाखवून पुष्कळ काही बोलला. यांनी पुष्कळ वेळा मान हलवली.

घरी आले तेव्हा सातेरीच्या देवळात कीर्तन चालू होते, आणि आख्यान होते नळदमयंतीचे. बुवांनी हंसाचे वर्णन करायला आणि यांनी खिशातून घड्याळ काढायला एकच गाठ पडली. समईच्या उजेडात मीना लकाकला. खापरपणजोबांच्या अंगावर काटा आला. सात समुद्र ओलांडून दमयंती आपल्या घरी आली, असे ते म्हणाले. म्हणताना, सांगतात, रडले.

त्यांना मुलग्यांमागून झालेली एकच लेक होती. तिच्यावरच्या मायेने असो की त्या रात्रीच्या कीर्तनाच्या भरात, त्यांनी एक रीत घातली. ज्या घरात दमयंती राहते त्या घरात मुलीला विचारले पाहिजे. मुलीला मागणी आली की आदल्या सकाळपासून घड्याळाला चावी द्यायची नाही. पाहुणे बसले की ते थकलेले, संथावलेले घड्याळ मुलीच्या ओंजळीत ठेवायचे. तिने चावी दिली तर होकार. तिने नाही दिली, घड्याळ थांबले, तर पाहुण्यांना नारळ द्यायचा आणि हात जोडायचे. मुलीला एक शब्द बोलावा लागू नये, आणि तिच्या शब्दावाचून काही होऊ नये.

किती सुंदर रीत. किती वर्षे चाललेली. आणि ती एकदाही कसाला लागली नव्हती.

कारण त्या काळी ओंजळी फार लहान असत. वेणूच्या द्वारकाआत्याची ओंजळ नऊ वर्षांची होती. परकर सावरत, नाकातली नथ चाचपत ती पाटावर बसली, आणि तिच्या हातात ते सोनेरी पाखरू आले, आणि ती चिमुकली चावी. तिने चावी छिद्रात घातली, फिरवली. कुर्र, असा आवाज आला. आतल्या आत काहीतरी गुदगुल्या झाल्यासारखा. तिने पुन्हा फिरवली. कुर्र. सगळे हसले. पेढे वाटले गेले.

"माका ती कुर्रकुर्र गोड लागली गो," आत्या वेणूला सांगे, केस विंचरता विंचरता. "माका ता खेळणा वाटला. म्हणान मी चावी दिलंय."

तेरावे वर्ष संपायच्या आत ती परत आली होती, पांढऱ्या कपाळाची, न बोलणारी. तिच्या आधीच्या मुलींनीही तेच केले होते. एकीला चावी आवडली, एकीला गोंडा, एकीला बापाचे हसणे. सगळ्यांनी चावी दिली. घड्याळ कधी थांबले नाही. आणि घर अभिमानाने सांगत राहिले, आमच्याकडे मुलीला विचारतात.

*

वेणूची ओंजळ मात्र मोठी झाली होती.

काळ बदलला होता. मुली शाळेत जात होत्या, फोटो काढण्याचे दिवस आले होते. आईवेगळी वेणू आत्याच्या हाताखाली वाढली. सडपातळ, सावळी, दाट भुवयांची. बोलायची कमी, पाहायची फार. समुद्राकडे पाहायची, माणसांकडे पाहायची, कढीला उकळी फुटण्याआधीचा तो एक क्षण पाहायची. आणि आबा रोज सकाळी घड्याळाला चावी देत तेव्हा ती दारात उभी राहून पाहायची. आबा, तिचे वडील, फुलाला हात लावावा तसा त्या घड्याळाला हात लावीत. ते खिशात घालून बाजारात जात, आणि भेटेल तो विचारी, आबा, किती वाजले? विचारणाऱ्याला वेळ नको असे, चित्र हवे असे. आबा दोन्ही दाखवीत.

त्या थंडीत आबांचा खोकला वाढला. रात्रीचा तो घरभर हिंडे. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात एकच गोष्ट येऊ लागली, डोळ्यांदेखत व्हावे. काय व्हावे ते सांगावे लागत नसे.

आणि मागणी आली. वागळ्यांकडून आली. घराणे मोठे, मुंबईत नाव. मुलगा मुकुंद, कराचीच्या बंदरावर इंजिनियर. रजा नाही, म्हणून तो येणार नव्हता. त्याचा मामा येणार होता, भाऊसाहेब, परदेशात शिकून आलेले. मुलगा एकदम माघात, बोहल्यावरच उभा राहील असे ठरत होते. सोबत फोटो होता.

आबांचा चेहरा त्या दिवशी पाण्याला सोने लागल्यासारखा झाला होता. वेणूने तो चेहरा पाहिला. तो उजेड तिच्या एका शब्दावर तेवणार होता की विझणार होता, हेही पाहिले. आणि आत्याने विंचरलेल्या केसांची घट्ट वेणी पाठीवर टाकून ती म्हणाली, आत्या, माझ्या वेळी मी त्या घड्याळाशी खेळणार नाही.

आत्याचा हात फणीवर थांबला. बऱ्याच वेळाने तिने फणीतले गळालेले केस बोटाला गुंडाळले आणि ते खिडकीबाहेर टाकायचे विसरून तशीच बसून राहिली.

*

पाहुणे आले ते दुपार कलताना. सारवलेल्या खळ्यात माडांच्या सावल्या लांब पडल्या होत्या, आणि वाळत घातलेल्या सुपारीचा तुरट वास वाऱ्यावर होता.

भाऊसाहेब वागळे उंच, गोरे, हसऱ्या डोळ्यांचे. बोटीच्या प्रवासाने शिणले होते, तरी घरी बनवलेल्या खाज्याची त्यांनी वाखाणणी केली. पडवीवर बैठक होती. आबा अंगरख्याच्या बाह्या पुन्हा पुन्हा नीट करत होते. भाऊसाहेबांनी कातडी पेटीतून फोटो काढला, रुपेरी चौकटीतला, आणि पाटावर उभा केला. दाराआडून आत्याचा आवाज आला, मंद, पण सर्वांना ऐकू जाईल असा.

"नवरो खंय आसा? पेटयेत घालून हाडल्यात?"

भाऊसाहेब खळखळून हसले. आबांनी दाराकडे डोळे वटारले, पण ते डोळे वटारणे थोरल्या बहिणीपर्यंत कधीच पोचत नसे.

मग वेणू आली. केसांत अबोलीचा वळेसर, आमसुली लुगडे, हातात काचेच्या बांगड्या. ती पाटावर बसली. समोर फोटो. रुंद कपाळाचा, सरळ नाकाचा एक तरुण, कोट घातलेला, गळ्यात कसल्याशा समारंभाचा हार, थेट तिच्याकडे पाहणारा. पाहतच राहणारा.

आबांनी डबा उघडला. रेशीम उलगडले. आणि घड्याळ वेणूच्या ओंजळीत ठेवले.

ते थकले होते. आदल्या सकाळपासून उपाशी होते. एरवीची ती चपळ टिकटिक आता चढण चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी झाली होती. एक पाऊल, आणि विसावा, आणि एक पाऊल. वेणूला ती कानांनी नाही, तळव्यांनी ऐकू येत होती.

आबांनी रीत समजावून सांगितली. खापरपणजोबांची फत्तेमारी, तो कप्तान, ते कीर्तन, ती दमयंती. सांगताना त्यांचा खोकलासुद्धा अदबीने थांबला होता. भाऊसाहेबांनी कौतुकाने ऐकले. मग चष्मा लावून ते वेणूच्या ओंजळीवर किंचित वाकले. पाठीवरचे चित्र पाहिले. आणि त्यांच्या हसऱ्या डोळ्यांत एक ओळख चमकून गेली, जशी परक्या शहरात गाववाला भेटल्यावर चमकते.

ते वाईट माणूस नव्हते. त्यांना माहीत होते ते सांगितल्याशिवाय राहवत नसे, एवढेच.

"आबासाहेब," ते म्हणाले, "ही दमयंती नव्हे हो."

आणि त्यांनी सांगितले. ही ग्रीक लोकांच्या पुराणातली एक राणी, लीडा तिचे नाव. आणि हा हंस कुणाचा निरोप्या नव्हे. हा त्यांचा देवांचा राजा. राणीवर मन गेले, म्हणून हंसाचे रूप घेऊन आला, गरुड मागे लागल्याचे सोंग करून तिच्या मांडीवर आसरा मागितला, तिने दिला. पुढचे सांगण्यासारखे नाही. त्या देशांत अशी घड्याळे त्यांनी पुष्कळ पाहिली होती. कुणावर शिंपल्यात उभी देवी, कुणावर वारू उधळलेला सूर्याचा रथ, कुणावर ही राणी आणि हा लबाड.

माडावरून एक सुकी झावळी खाली आली. तिचा आवाज केवढा तरी मोठा वाटला.

आबांच्या चेहऱ्यावरचे सोने गेले. चार पिढ्या ज्या चित्रापुढे हळदकुंकू वाहिले, ते चित्र एकाएकी उघडे पडल्यासारखे त्यांना वाटले असावे. परक्या माणसांदेखत, लेकीच्या हातात. भाऊसाहेबांना ते जाणवले, आणि त्यांनी घाईघाईने, चांगल्या मनाने, आणखी एक चूक केली. ते म्हणाले, तेव्हा या रीतीचा बाऊ नको. दमयंतीच नाही तर स्वयंवर कुठले? मुलीने नुसता नमस्कार करावा, आम्ही समजलो.

"खरं आहे," आबा पुटपुटले. "राहू दे ती चावी. आण ते इकडे, बाय."

आणि त्यांनी हात पुढे केला.

*

एक हात पुढे आला होता. एक ओंजळ मिटलेली होती. मधे ते घड्याळ, एक पाऊल, आणि विसावा, आणि एक पाऊल.

वेणू चित्राकडे पाहत होती. जन्मभर पाहिलेले चित्र ती पहिल्यांदा पाहत होती. तेच तळे, तीच निळाई, तीच झुकलेली नजर. पण पंख आता कानगोष्ट सांगणाऱ्याचे नव्हते. पंख मिठी घालत होते, आणि त्या मिठीला दार नव्हते. ज्याला घरातल्या बायका लाज म्हणत आल्या होत्या, ती खाली गेलेली नजर लाजेची नव्हती. ती वाट शोधत होती.

"त्या राणीला कुणी विचारलं होतं का?" वेणूने विचारले.

भाऊसाहेब चष्मा काढून पुसू लागले. "नाही, पोरी," ते म्हणाले. "गोष्टीत तसं काही नाही."

"मग मला विचारायलाच हवं," वेणू म्हणाली.

आबांचा हात तसाच पुढे होता. हवेत, पानगळीच्या फांदीसारखा. तेव्हा दाराआडची द्वारकाआत्या दाराबाहेर आली. पाहुण्यांपुढे, पुरुषांपुढे, उजेडात. इतकी वर्षे ती उजेडाच्या कडेकडेने चालत आली होती. आज तिची सावली पडवीच्या मधोमध पडली.

"जगू, हात मागे घे," ती भावाला म्हणाली. "तिका कोणी इचारूक नाय. म्हणानच ह्या घरात इचारूक होया."

आबांनी हात मागे घेतला. मांडीवर ठेवला. दुसऱ्या हाताने झाकला, जसे एखाद्या चुकार मुलाला जवळ घ्यावे.

वेणूने फोटोकडे पाहिले. आणि ती बोलली ते सावकाश, समुद्र ओहोटीला वाळू सोडतो तसे, एकेक शब्द मागे ओला ठेवत.

ती म्हणाली, दमयंतीच्या मंडपातही देव आले होते, नळाचे रूप घेऊन. सगळे सारखे दिसत होते. मग तिने नीट पाहिले. देवांच्या पापण्या लवत नव्हत्या. त्यांच्या कपाळावर घाम नव्हता. पायांना धूळ नव्हती. गळ्यातले हार कोमेजत नव्हते. आणि त्यांची सावली पडत नव्हती. एकाच्या पापण्या लवल्या, त्यालाच घाम आला होता, त्याचाच हार सुकला होता. तिने त्याला माळ घातली.

"मामा, या फोटोतल्या माणसाची पापणी लवत नाही," वेणू म्हणाली. "त्याचा हार सुकत नाही. त्याला मी चावी देणार नाही."

तिचा आवाज चढला नाही. कापलाही नाही.

"त्यांना नाही म्हणत नाही मी. त्यांना मी पाहिलेलंच नाही. त्यांना सांगा, स्वतः या. हंस खरा असेल तर तो परतीचा निरोपही नेतो."

ओंजळीत एक पाऊल पडले. मग विसावा. मग फार लांब विसावा. वेणू वाट पाहत राहिली. तिला ठाऊक होते की अजूनही चावी फिरवता येईल, एकदाच, कुर्र, आणि आबांच्या चेहऱ्यावर सोने परत येईल. लाल गोंडा तिच्या बोटावर लोंबत होता. तिने बोट हलवले नाही.

घड्याळ थांबले.

त्या घराने ती शांतता कधी ऐकली नव्हती. ती समुद्राच्या गाजेहून मोठी होती.

भाऊसाहेबांनी फोटो उचलला, रुमालात गुंडाळला, पेटीत ठेवला. द्वारकाआत्याने नारळ आणून दिला तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. पायऱ्या उतरताना थांबून ते म्हणाले, हंस व्हायचं माझं वय राहिलं नाही, पोटही सुटलंय. पण निरोप नेतो. ते हसले नाहीत. म्हणून तो निरोप पोचेल असे वेणूला वाटले.

*

पौष आला. थंडी पाण्यावर धुक्यासारखी बसली. माघ आला, आंब्याला मोहर आला, वाजंत्री इतरांच्या दारी वाजली. कराचीहून काही आले नाही.

आबा लेकीशी बोलत नव्हते. रागाने नव्हे, शब्द सापडत नव्हते. सकाळी देवपूजा झाली की त्यांचा हात सवयीने कोनाड्याकडे जाई, डब्याला स्पर्श करी, आणि परत येई. घड्याळ बंदच होते. त्यांना चावी देता आली असती. घर त्यांचे होते, घड्याळ त्यांचे होते. वेणू दारात उभी असो वा नसो, त्यांनी दिली नाही. रिकाम्या खिशाने ते बाजारात जात.

गाव छोटे, जिभा लांब. थांबलेले घड्याळ सगळ्यांना ऐकू गेले होते. भुसारी दुकानाच्या फळीवर बसलेली मंडळी विचारीत, काय हो आबा, किती वाजले तुमच्याकडे? आणि मग आपापसांत हसत. आबा मान खाली घालून पुढे जात. एकदा, दोनदा, अनेकदा.

मग शिमग्यातल्या एका सकाळी त्याच फळीवरून तोच प्रश्न आला. आबा थांबले. खोकला आवरला. मान वर केली.

"माझ्या लेकीला विचारा," ते म्हणाले. "वेळ तिच्याकडे असते."

आणि नारळाच्या काथ्याची जुडी काखेत मारून शांतपणे घरी आले. घरी येऊन त्यांनी वेणूला पाणी मागितले. ती पाणी घेऊन आली तेव्हा, कितीतरी दिवसांनी, त्यांनी तिच्या हातातून तांब्या घेताना तिची बोटे क्षणभर धरून ठेवली.

*

आता वेंगुर्ल्याला बोटी लागत नाहीत. तेव्हा लागत. लांबवर धूर दिसे, मग शिटी, मग खोल पाण्यात नांगर, मग पडावाच्या होड्या माणसे उतरवून आणीत. आणि धक्क्यावर सुरंगीचे वळेसर घेऊन बायका बसलेल्या असत. चैत्रातली सुरंगी! पिवळसर पांढरी, मधाने जड झालेली, जिच्या वासाने वाट चुकावी अशी.

त्या चैत्रात एका टळटळीत दुपारी, ऊन माथ्यावरून नुकते कलले असताना, धक्क्याच्या लाल वाटेने एक माणूस चालत आला. बैलगाडी मिळाली नव्हती, की तिच्यासाठी थांबायला त्याला धीर नव्हता. तेंडोलकरांच्या खळ्यात तो येऊन उभा राहिला.

वेणू पडवीवर सुपात तांदूळ निवडत होती. तिने पाहिले.

उन्हाने त्याचे डोळे दिपले होते. तो सारखा पापण्या मिटत, उघडत होता. कपाळावरून घाम ओघळून भुवईत अडकला होता. बुटांवर, विजारीवर, गुडघ्यांपर्यंत वेंगुर्ल्याची तांबडी धूळ होती. हातात केळीच्या पानात बांधलेला सुरंगीचा वळेसर होता, धक्क्यावर ताजा घेतलेला, वाटेत उन्हाने मलूल झालेला. आणि त्याच्या पायांशी, आखूड, ठेंगणी, जराशी वाकडी, पण नक्की त्याचीच, सावली होती.

फोटोपेक्षा तो बुटका होता. केसही तितके दाट नव्हते.

"मामांनी निरोप दिला," तो म्हणाला. "रजा मिळत नव्हती. मिळेपर्यंत मागत राहिलो." मग हातातल्या पानाकडे पाहून ओशाळला. "घेतला तेव्हा चांगला होता."

"पाणी घ्या," वेणू म्हणाली.

तो तांब्याभर प्याला. मग अजून अर्धा. कोनाड्याच्या दिशेने एकदा पाहून म्हणाला, "घड्याळ बंद आहे, ऐकलं."

"आहे."

"मग किती वाजले ते मी विचारत नाही."

आत, दाराआड, द्वारकाआत्या तोंडाला पदर लावून हसली.

वेणूने त्या दिवशी चावी दिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जे घड्याळ सारी थंडी थांबले होते त्याला आणखी थोडे थांबायला काय हरकत होती? मुकुंद गावात नातलगांकडे उतरला होता. दुपार कलली की पडवीवर येऊन बसे. वेणू विचारी, तो सांगे. कराचीच्या धक्क्याबद्दल, पाण्याखालच्या कामाबद्दल. पाण्याची भीती वाटते का, तिने विचारले. वाटते, तो म्हणाला. ते उत्तर तिने जपून ठेवले. आत्याने त्याला गंजिफा खेळायला बसवले आणि धुळीला मिळवले. तो रुसला, आणि रुसवा लपवता आला नाही. तेही तिने पाहिले. आबा खोकू लागले की त्याचे बोलणे मधेच तुटे आणि नजर पाण्याच्या तांब्याकडे जाई. तेही.

मग एक सकाळ आली.

द्वारकाआत्या मागच्या पडवीत कैऱ्यांना मीठ लावत बसली होती. हात मिठाने पांढरे झाले होते. घर अजून अर्धे झोपेत होते. माडांच्या शेंड्यांना सोने लागले होते, खाली अजून सावळे होते. आणि आतून, देवघराच्या बाजूने, आवाज आला.

कुर्र.

आत्याचे हात कैरीवर थांबले. पाटावरच्या त्या दिवसानंतर जन्मभर तिने तो आवाज दुसऱ्यांच्या हातून ऐकला होता; भावाच्या हातून, रोज सकाळी. रोज सकाळी तिच्या आतली नऊ वर्षांची मुलगी मान वळवून पाही, खेळणे कुठे आहे म्हणून.

कुर्र. सावकाश. कुर्र. न घाबरता, न घाईने, मोजून मापून, जशी एखादी बाई स्वतःच्या घराचे दार स्वतः उघडते.

आत्याने मान वळवली नाही. तिच्या आतली ती मुलगी, परकर सावरून, नथ चाचपून, हलकेच पाटावरून उठली आणि खेळायला निघून गेली. मिठाच्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत. म्हणून आत्याने ते पुसले नाहीत.

आत देवघरापुढे वेणू उभी होती. चावी काढून तिने लाल गोंडा बोटाभोवती गुंडाळला. घड्याळ पालथे केले. तळे निळे होते. ती परदेशातली, नाव कळलेली, कुणी न विचारलेली राणी खाली पाहत होती. आणि ती जिथे पाहत होती तिथे, चित्राच्या काठाच्या किंचित पलीकडे, आता वेणूचा अंगठा होता. तो अंगठा तिने राणीच्या मोकळ्या केसांवरून एकदा फिरवला, विंचरल्यासारखा.

टिकटिक घरभर झाली. आबांनी अंथरुणात कूस बदलली आणि त्यांचा हात, झोपेतच, रिकाम्या खिशाकडे गेला.

झावळ्यांना सोने लागले. कौलांना लागले. सर्वांत शेवटी, नेहमीसारखे, पाण्याला लागले.

हंस पांढरा होता. सोने घड्याळाचे होते. वेळ वेणूची होती.